डबल बेल आणि घार

मंगळवेढ्याच्या आभाळात फिरणाऱ्या घारींनी आपसात एखादी सभा घेतली असेल, तर त्यात आमच्या शेजारच्या कंडक्टरकाकांच्या निषेधाचा ठराव नक्की झाला असणार. काका एसटीतून निवृत्त झाले असं लोक म्हणत. छे! काकांनी फक्त प्रवासी बदलले. अंगावर खाकी पँट, कानावर पेन्सिल, आणि दिवसभर मुक्काम परसातल्या लिंबाखाली, कोंबड्यांवर नजर ठेवून. कोंबड्यांना नावंही एसटीतलीच. काळी होती ती रातराणी. कुंपणावरून उडून थेट आमच्या तुळशीपाशी येणारी ती विनाथांबा. आणि खुराडं सोडून इतर कुठंही, मनाला येईल तिथं अंडं घालणारी ती विनंती थांबा. घारीला मात्र ते घार म्हणत नसत. उभ्या नोकरीत ते ज्या एकाच गोष्टीला भ्याले होते, तिचं नाव त्यांनी घारीला दिलं होतं. आभाळात ठिपका दिसला की काका ओरडायचे, "चेकिंग आलं, चेकिंग!"

या चेकिंगपासून पिल्लं वाचवायला त्यांनी काय काय करून पाहिलं, ते मी लग्न होऊन आल्यापासून बघत आले. लिंबाला चकचकीत सीड्या टांगल्या. त्यात पुतण्याच्या लग्नाची सीडीसुद्धा होती, आणि ती बघायला मागणाऱ्या त्याच्या बायकोला "वर चढून बघ की" असं उत्तर मिळालं. एकदा सगळी पिल्लं गुलाबी रंगात बुचकळून काढली. का, तर "रंगीत पोरगं घारीला वळखू येत न्हाय." घारीला आलं की नाही देव जाणे, पण पिल्लांच्या आईलाही येईना, आणि ती दुपारपर्यंत त्यांना टोचून पळवत होती. शेवटी भंगारवाल्याकडून त्यांनी गाडीतली खरी बेल मिळवली, दोरी बांधून लिंबाच्या फांदीवर बसवली, आणि कोंबड्यांना शिकवायला घेतलं. एक बेल म्हणजे धोका, पळा डालग्याखाली. डबल बेल म्हणजे रस्ता मोकळा, या बाहेर. शिकवायची पद्धत अशी, की एक बेल देऊन काका स्वतः वाकून त्या दगडावर टेकवून उलट्या ठेवलेल्या भल्यामोठ्या टोपलीखाली डोकं घालायचे, आणि डबल देऊन बाहेर येऊन ज्वारी उधळायचे. गल्लीनं पोट धरून हसून घेतलं. पण कोंबड्या शिकल्या हो! पिल्लांसकट शिकल्या.

अडचण एवढीच होती, आमच्या सासूबाईंची देवपूजा. त्यांची घंटा सुरू झाली की शेजारी कोंबड्यांची नुसती आत-बाहेर, आत-बाहेर धावपळ. काका कुंपणावरून हात जोडायचे. "वैनी, आरती जरा दमानं. गाड्यांचा लई खोळंबा होतोय." सासूबाई काय ऐकून घेणार? मास्तरांची बायको, तोंडाचा पट्टा असा की दूधवाला पाणी घालायला घाबरे. "आधी तुमची ती भवानी माझ्या तुळशीतून न्या," असं म्हणून त्या विनाथांबावर पाणी शिंपडायच्या आणि वर स्वतःवरही शिंपडून घ्यायच्या. अंडं हा शब्दसुद्धा आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. माझ्या चहाबद्दल तर रोज सकाळी एक वाक्य ठरलेलं. "पाणी छान उकळलंयस गं."

मग मास्तर, म्हणजे आमचे मामंजी, गेले. हुरड्याच्या दिवसांत, बसल्या जागी, काही कळायच्या आत. आणि सासूबाईंनी बोलणंच सोडलं. वाढलं तर जेवत, झोपा म्हटलं की आडव्या होत. विचारलं तर "हं". सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, आजार काही नाही. न बोलणारी सासू मिळावी म्हणून नवस करणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. त्यांना सांगते, तसलं काही मागू नका. मी मुद्दाम पाणचट चहा करून पुढं ठेवायचे, आणि त्या तो मुकाट पिऊन टाकायच्या. दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या होत्या आणि आम्ही नवरा-बायको नुसते एकमेकांकडं बघत होतो.

काकांना ते कळलं कोंबड्यांवरून. एक दिवस कुंपणाशी येऊन म्हणाले, "सूनबाई, घंटा ऐकू येत न्हाय हल्ली. कोंबड्या कशा एकसारख्या बाहीरच हायत." मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर बेलच्या दोरीला आणखी दोरी जोडून ती त्यांनी आमच्या मागच्या पडवीत, सासूबाईंच्या खुर्चीपर्यंत आणली होती. "वैनी, मला दवाखान्यात जायाचंय. दोरी धरून बसा. चेकिंग दिसलं की वढा." सासूबाईंनी मान हलवली नाही की काही नाही, पण हातात दिलेली दोरी सोडलीही नाही. त्यानंतर काकांना रोजच काही ना काही काम निघू लागलं. कधी दवाखाना, कधी दाढी, कधी स्टँडवर जुन्या मित्रांना भेटायचं. सासूबाई गप्प बसायच्या, पण आता डोळे आभाळाकडं असायचे.

आणि एका दुपारी घार आली. मी दारातच होते. घारीची सावली बघून कोंबड्या आपणहूनच डालग्याकडं पळाल्या होत्या. सासूबाई दचकल्या आणि घाबरून त्यांनी दोरी ओढली. एकदा नाही, दोनदा! डबल बेल! झालं, सगळी पलटण पिल्लांसकट ज्वारी खायला बाहेर. घार खाली सुटली, एका पिल्लाला पंजा घातला, आणि आमच्या पडवीतून आवाज फुटला, "मुडद्या! सोड! सोड म्हणते ना!" पाठोपाठ पाण्याचा तांब्या भिरभिरत गेला. सासूबाई कुंपणाच्या फटीतून कशा पलीकडं गेल्या ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. घार रिकाम्या पायांनी उडाली. एका पिल्लाच्या पंखाला खरचटलं होतं. ज्या बाई कोंबडीची सावली पडली तरी पाणी शिंपडून घ्यायच्या, त्यांनी ते पिल्लू पदरात घेतलं आणि माझ्याकडं वळून कडाडल्या, "बघत काय उभी राहिलीस ठोंब्यासारखी? हळद आण!" मी हळद आणायला धावले आणि स्वयंपाकघरात डबा छातीशी धरून हमसाहमशी रडले.

गल्लीतून ओरडा ऐकून काका आले तेव्हा सासूबाई पडेल आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, चुकून दोनदा ओढली हो मी." काका म्हणाले, "त्यात काय वैनी! एक म्हातारी अजून उतरत हुती अन् म्या डबल दिलेली हाय. तिनं बी असाच आवाज काढला हुता." आणि सासूबाई हसल्या. मामंजी गेल्यानंतर पहिल्यांदा.

मी नंतर काकांना गाठून विचारलं, "खरंच एवढी कामं असतात तुम्हाला?" काका लिंबाकडं बघत म्हणाले, "कसली कामं? या कोंबड्या आमच्या मंडळींच्या. ती गेली तवा मी बी असाच बसलो हुतो बघ. कोंबड्या भुकेनं वराडाय लागल्या म्हणून उठलो. माणसाला डूटी लागती, सूनबाई." एवढं बोलून ते विनंती थांबाचं अंडं शोधायला गेले.

आता काकांच्या डोळ्यांना आभाळातला ठिपका दिसत नाही. लेकीनं त्यांना अकलूजला नेलंय, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. जाताना काकांनी कोंबड्या सासूबाईंच्या हवाली केल्या. आमच्या घरात अजूनही अंडं कोणी खात नाही. पण ज्वारीनं भरलेल्या डब्यात अंडी पुरून तो डबा अकलूजच्या गाडीनं रवाना होतो, आणि तो भरताना सासूबाई हाताला पिशवी गुंडाळतात. पूजेच्या घंटेनं कोंबड्यांचा गोंधळ होतो म्हणून त्या हल्ली आरती टाळ्या वाजवून करतात. आणि माझ्या चहाला रोज नावं ठेवतात, देवाच्या दयेनं.

दुपारी काकांचा फोन येतो. "वैनी, चेकिंग?" "नाही भाऊजी, आभाळ मोकळं आहे." मग सासूबाई फोन परसाकडं धरतात आणि दोरी दोनदा ओढतात. कोंबड्या कलकलत बाहेर येतात, ज्वारीवर तुटून पडतात. तिकडं काका फोन कानाला लावून ऐकत असतात. सासूबाई फोन तसाच धरून ठेवतात, हात भरून येईपर्यंत.