घरात फक्त इंग्रजी
रसमची फोडणी जळल्याचा वास आला की मला मैलापूरचं आमचं मुकं झालेलं घर आठवतं. ओरगडमच्या कारखान्यात सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजीचा पेपर पास व्हावा लागायचा: रिकाम्या जागी योग्य सर्वनाम, योग्य विशेषण, क्रियापदाचा योग्य काळ. मी आधी आपटलो होतो आणि ही संधी शेवटची होती, म्हणून बायकोने फर्मान काढलं, परीक्षेपर्यंत घरात फक्त इंग्रजी. तंजावरी मराठीत तमिळ कालवून अखंड बडबडणारं आमचं घर त्या संध्याकाळीच गप्प झालं. आई मिठाकडे नुसतं बोट दाखवू लागली. एकदा फोडणी जळत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ते सांगायला कुठला काळ वापरावा याचा विचार करत होतो. "अप्पा, आधी गॅस बंद करा, ग्रामर नंतर!" शाळकरी लेक इंग्रजीत ओरडली, आणि बायको हसत खालीच बसली. त्या नियमात लेक एकटीच मजेत होती. माझी सर्वनामं सुधारून टाळ्या पिटायची. मी नापास झालो. "जाऊ दे रे, आता तरी बोलत बोलत जेव," आई म्हणाली. घर पुन्हा मराठीत आलं, लेक तेवढी आली नाही. आता नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून आली की ती इंग्रजीत माझी विचारपूस करते. मराठीत उत्तर दिलं तर "व्हॉट, अप्पा?" म्हणते, आणि मी इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत तिच्या खोलीचं दार लागलेलं असतं.