संताला लावलेला चेहरा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका वादळात आमच्या वसईतल्या चर्चची रंगीत काचेची खिडकी फुटली. तिच्यावरच्या संताचा झगा, हातातलं लिलीचं फूल, सगळं शाबूत राहिलं. फक्त चेहऱ्याचा तुकडा गेला. दोन महिने तिथे पुठ्ठा होता.

मग फादरांनी मुंबईहून एक म्हातारा कारागीर बोलावला. बाबा चर्चची देखभाल करायचे, त्यामुळे त्याचं जेवण आमच्याकडे असायचं. ओटीवर माझ्या मोठ्या भावाचा फोटो होता. वर्षभरापूर्वी तो वाडीतल्या विहिरीत बुडाला होता, सतराव्या वर्षी. कारागीर त्या फोटोसमोरच पानावर बसायचा.

नवा तुकडा रंगवून, भट्टीत भाजून त्याने खिडकीत बसवला. रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेला मी मान वर केली. वर माझा भाऊ होता. तेच रुंद कपाळ, तीच किंचित वाकडी जिवणी. फादर नवीन, त्यांना काही कळलं नाही. गावाला कळलं, पण कुणी बोललं नाही. आई एवढंच म्हणाली, "त्याला उंचीची भीती वाटायची."

ती रोज त्या खिडकीखाली बसू लागली. मी खांबाआड. त्या दिवशी पंप दुरुस्त करायला भाऊ दोराने विहिरीत उतरला, तेव्हा मला म्हणाला होता, "इथून हलू नकोस." मी चौदा वर्षांची होते. शेजारी टीव्ही लागला होता, मी गेले. परत आले तर दोर नुसता लोंबत होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळच्या उन्हात खिडकीचे रंग बाकांवरून सरकत खांबाकडे यायचे. ते पोचायच्या आत मी उठून बाहेर जायचे.

अशी सात-आठ वर्षं गेली. माझं लग्न ठरलं, त्याच चर्चमध्ये. आदल्या आठवड्यात आम्ही दोघी बाक पुसत होतो, तेव्हा मी आईला सगळं सांगितलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "शेजारणीने तेव्हाच सांगितलं होतं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"एक गेला होता. तुलाही घालवू?"

लग्नाच्या दिवशी वेदीपुढे उभी असताना मी पहिल्यांदा खिडकीतल्या भावाकडे नीट पाहिलं. तो माझ्यापेक्षा खूप लहान दिसत होता.