गडूतलं गंगाजल

माझं डोकं लवकर फिरतं. घरात कोणाला ते नवं नाही.

ताई, माझी मोठी बहीण, अकोल्याच्या सासरहून अमरावतीला माहेरी आली ती निम्मी होऊनच. पोटात कळा, जुलाब, त्यातून रक्त. डॉक्टरांनी दुर्बीण घातली तर आतड्यात जखमा. म्हणाले, "आतड्याचा टीबी असेल, नाहीतर क्रोन्स नावाचा आजार. वरून दोन्ही सारखेच दिसतात. औषधं वेगळी, आणि चुकीचं दिलं तर जिवावर बेतेल. तुकडा तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही." आतड्यातून काढलेले कणीएवढे तुकडे त्यांनी औषध भरलेल्या बाटलीत टाकले. ती बाटली अकोल्याच्या लॅबमध्ये मी पोचवायची होती.

पोचवतो कसा, कप्पाळ! कापसाच्या भावासाठी मूर्तिजापूरकडे रास्ता रोको. एसटी बंद, रुळांवरही माणसं बसलेली. त्यांचंही खोटं नव्हतं, पण माझा जळफळाट होत होता. दोन दिवस बाटली घरातच राहिली.

रस्ता सुटला तसा पहिल्या गाडीनं अकोला गाठलं. लॅबवाल्यानं झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं. "हे पाण्यात कोणं ठेवलं? सडले ना तुकडे. आता यात काय पाहू?" मी त्याच्याशी कचाकचा भांडलो. डॉक्टरनं दिलेलं औषधच आहे म्हणालो. त्यानं मुकाट बाटली माझ्या नाकापुढे धरली.

घरी येऊन आईला विचारलं. ती ताईच्या खाटेजवळ बसून तिचे पाय चेपत होती.

"मीनंच बदललं," आई म्हणाली. "काय वास मारून राह्यला होता, बाप्पा! डोळे चुरचुरत होते. माह्या पोरीचं मांस त्या घाणीत कायले ठेवू? काशीचा गडू फोडला. गंगेच्या पाण्यात कधी किडा पडत नाही."

तो तांब्याचा गडू तिनं स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी देवघरात जपला होता. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला ओरडावंसं वाटलं. ओरडणारच होतो. ताईला सगळं समजलं. तिनं आईला चहा टाकायला पाठवलं आणि माझं मनगट धरलं.

"आईले एक शब्द बोलला त माहं मेलं तोंड पाह्यशीन."

मी आईला सांगितलं, लॅबवाल्याला काही समजलं नाही म्हणे.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. ताईच्या अंगात रक्त उरलं नव्हतं, पुन्हा दुर्बीण झेपणार नव्हती. आपल्याकडे टीबीच जास्त, आणि टीबी असताना दुसऱ्या आजाराचं औषध दिलं तर तो भडकतो, म्हणून त्यांनी तूर्त टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. थोडी सुधारली की परत तुकडा घेऊ म्हणाले. ताईनं त्या गोळ्या ओकत ओकत, पण एकही न चुकवता घेतल्या. ती सुधारलीच नाही. आतडं फुटलं. ऑपरेशन झालं, कापलेला भाग पुन्हा अकोल्याला न्यायचा होता. या वेळी बरणी मी कोणाला शिवू दिली नाही, अख्खा रस्ता मांडीवर धरून बसलो.

टीबी नव्हता. रिपोर्ट आला तेव्हा ताईचा दहावासुद्धा व्हायचा होता.

तिची शपथ मी पाळली, एक शब्द बोललो नाही. मेलं तोंड तरी पाहावंच लागलं. शपथा बिपथा सगळं झूट आहे.

आई अजून ताट पुढे आलं की घास हातात धरून बसते. मग म्हणते, "त्या मुर्दाड डॉक्टरले माह्या पोरीचं दुखणं समजलंच नाही." तो बिचारा भला माणूस, पहिल्याच दिवशी खरं सांगून मोकळा झाला होता. पण मीही त्याला आईच्या बरोबरीनं शिव्या घालतो, चांगल्या तोंड भरून. त्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही.