तिची केटी आणि माझ्या संध्याकाळी

डायनिंग टेबल लाकडाचं घ्यायचं की काचेचं, या भांडणात बायको जिंकली. सहा खुर्च्यांचं, जाड काचेचं टेबल घरात आलं आणि पुढच्याच वर्षी बँकेत बढती होऊन तिची नागपूरला बदली झाली. मुलगी आधीच शिकायला जर्मनीला गेलेली. म्हणजे टेबल जिंकणारी नागपुरात, 'ती अभ्यासाला बसेल ना' असं जिच्या नावावर ते घेतलं ती जर्मनीत, आणि टेबल पुसायला मी पनवेलमध्ये. मी एका टोकाला बसून जेवत असे. बदल हवासा वाटला की दुसऱ्या टोकाला.

एका रविवारी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी इंजिनिअरिंगची दोन मुलं दारात आली.

"काका, तुमची काच मिळेल का?"

मला वाटलं, यांची खिडकी फुटली. तसं नव्हतं. त्यांना ड्रॉइंगच्या शीट कॉलेजात जमा करायच्या होत्या. हुशार मुलाची पूर्ण झालेली शीट काचेवर ठेवायची, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि काचेखाली दिवा लावायचा. खालच्या रेघा वर उमटतात, त्या गिरवायच्या. याला ती मुलं 'जीटी मारणं' म्हणतात. ग्लास ट्रेसिंग. अख्खी इंजिनिअरिंग कॉलेजं या तंत्रावर उभी आहेत हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेव्हापासून मी नव्या पुलांवरून जरा जपून जातो.

बातमी पसरली. आठवडाभर माझ्या टेबलाखाली दिवा आणि टेबलाभोवती सहाही खुर्च्या भरलेल्या. मग इतर विषयही आले. मी अकाउंट्समध्ये नोकरी करतो म्हटल्यावर कॉमर्सचा एक मुलगा कॉस्टिंगची गणितं घेऊन आला. मानसशास्त्राच्या एका मुलीला प्रॅक्टिकलसाठी प्रश्न विचारायला माणूस हवा होता. "तुम्हाला एकटं वाटतं का? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?" मी ठणकावून सांगितलं, "कधीच नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या एकुलत्या एका कपाकडे पाहिलं, आणि मी सांगितलं तेच लिहून घेतलं. मुलगी सुस्वभावी होती.

मी कुणाकडून काही घेत नसे. फक्त गोष्टी ऐकवत असे. आमच्या घराण्यात लग्नाच्या आदल्या रात्री सगळ्यांना हसवायचं काम माझ्याकडे असतं. आता लग्नं हॉलवर होतात, हसवायला डीजे असतो, त्यामुळे माझा बराच माल पडून होता. पुण्याला मुलगी बघायला निघालेला माझा काका गाडीत झोपला, पळस्प्याला गाडी गोव्याच्या रस्त्याला वळली ते त्याला कळलंच नाही, आणि तो महाडला उतरून 'इथली मुलगी दाखवा' म्हणाला, ही गोष्ट मी त्या मुलांना तीनतीनदा सांगितली. ती माना डोलवत. नंतर लक्षात आलं, त्यांच्या कानात इअरफोन होते.

सबमिशन संपलं. सोमवारी संध्याकाळी बेल वाजली नाही. मंगळवारी मी बेल नीट चालते का ते बाहेर जाऊन वाजवून पाहिलं. चालत होती.

सेमिस्टरचा निकाल लागल्यावर त्यांच्यातली एकच परत आली. शिरढोणच्या बाजूच्या गावातली आगरी मुलगी, सिव्हिलला असलेली. सगळ्यांत सुंदर शीट हिच्याच होत्या. पण परीक्षेत काच नसते.

"परत उडाले काका. ड्रॉइंगची केटी राहिली." ती खुर्चीच्या कडेला बसली. केटी म्हणजे मागच्या वर्षाचा न सुटलेला विषय. "रेघ कुठून आली तेच दिसत नाही मला. हात नुसता गिरवायला शिकलाय. आता शेवटचा चान्स. नाही सुटली तर तिसऱ्या वर्षाला बसता येणार नाही. पप्पा म्हणतात, मग घरीच ये."

घरी म्हणजे पळस्प्याला वडिलांचं खडी-सिमेंटचं ऑफिस होतं. मुलीनं तिथं बसावं, चलनं फाडावीत, ही त्यांची इच्छा. मुलीला मात्र सिमेंट विकायचं नव्हतं, त्याचं काहीतरी बांधायचं होतं.

"क्लास लाव ना मग," मी म्हणालो.

"लावला होता. सर फळ्यावर भराभर काढतात. इथं निदान शांत असतं."

माझ्या घराच्या शांततेचं कुणी कौतुक करेल असं मला वाटलं नव्हतं. मी विरघळलो. मला इंजिनिअरिंगचं ओ का ठो कळत नव्हतं. तिचं पुस्तक उघडलं तर शंकू तिरका कापला आणि कापलेली बाजू कशी दिसेल ते काढा, असा प्रश्न. मी स्वयंपाकघरातून गाजर आणलं. तिरकं कापलं. कापलेली बाजू कागदावर दाबून धरली आणि भोवती पेन्सिल फिरवली.

ती कागदाकडे बघतच राहिली. "अय्या! लंबगोल हाय हा." घाईत तिची गावची बोली बाहेर पडायची.

मग रोज संध्याकाळी तेच. दुधी म्हणजे नळकांडं, पनीर म्हणजे ठोकळा, पिरॅमिड मी सुरणातून कोरला आणि हात खाजवत बसलो. आधी तिनं डोळ्यांपुढे आणून चित्र काढायचं, मग मी कापायचं, मग दोन्ही ताडून पाहायची. उरलेल्या भाज्यांची एकत्र भाजी. महिनाभर मी ज्या आकारांचं जेवण जेवलो, तसं कुणी जेवलं नसेल.

एकदा उशीर झाला म्हणून तिचे वडील गाडी घेऊन आले. जिना चढून धापा टाकत त्यांनी टेबलावरचे भाज्यांचे तुकडे पाहिले.

"काय काका, तुमी इंजिनेर हाव का?"

"नाही. अकाउंट्सला आहे."

"मंग बरं हाय. दोघंबी नापास व्हाल."

"पप्पा!"

"अगं, गंमत केली. पन काका, खरं सांगू का? ही पास झाली त दुसऱ्याच्या सायटीवर उन्हात उभी राहनार. त्यापरीस घरचं हापिस काय वाईट हाय? नापास झाली तरी मी रडनार नाय."

ती फणकाऱ्यानं पिशवी उचलून खाली गेली. मला त्या माणसाचा राग आला. मुलीनं नापास व्हावं असं कुठल्या बापाला वाटतं? रात्री फोनवर बायकोजवळ मी तावातावानं बोललो.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी गाजर घेऊन आलो तर मुलगी मान वर न करता म्हणाली, "नको काका. दिसतंय मला." आणि खरंच दिसत होतं. तिनं काढलेली आकृती पुस्तकातल्या उत्तराशी तंतोतंत जुळली. टाळी द्यायची सोडून मी म्हणालो, "तरी एकदा कापून बघू. घाई कशाला?" आणि कापलं. दुसऱ्या दिवशी काकडी कापली. त्याच्या पुढच्या दिवशी तिला येत असलेलंच प्रकरण पुन्हा पहिल्यापासून काढायला लावलं. बिचारीनं काढलं.

बायकोला हेही सांगितलं, गंमत म्हणून. ती हसली नाही.

"अहो, तिला येतंय ना आता?"

"येतंय, पण पक्कं व्हायला नको? समजा नाही सुटली, तर पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी? शेवटचा चान्स आहे म्हणालात ना? मग पुढची वेळ कुठून आली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला ती नापास व्हायला हवीय का?"

"छे! काहीतरीच काय."

"बरं," ती म्हणाली. "जेवलात का?"

जेवलो होतो. काकडी.

परीक्षेला पाच-सहा दिवस राहिले होते. निघताना मुलीनं नेहमीसारखं विचारलं, "उद्या येऊ ना?" माझ्या तोंडून 'ये' बाहेर पडतच होतं.

"नको येऊस," मी म्हणालो. "आता घरी बस. दार लावून, घड्याळ लावून, एकटीनं अख्खे पेपर सोडव. परीक्षेत शेजारी काका नसतो."

तिचा चेहरा उतरला. "रागावलात का?"

"अगं नाही. तुला येतंय सगळं. कधीपासूनच येतंय."

ती वाकून पाया पडायला लागली, मी 'अगं अगं' करत मागे सरलो आणि खुर्चीला अडखळलो. ती हसत हसतच जिना उतरली. मी त्या संध्याकाळी साडेसातलाच जेवून घेतलं.

निकालाच्या दिवशी बापलेक दोघं आली. तिच्या हातात पेढे, चेहरा उजळलेला. वडील मागे, कुणाला पोचवून आल्यासारखे.

"झाली पास," ते म्हणाले.

"अभिनंदन."

"व्हय. बेस मार्क पडलं."

मुलगी भराभर सांगत होती. तिसऱ्या वर्षाचे तास सकाळचे, दुपारी सायटीवर ट्रेनिंग, मैत्रिणीबरोबर खारघरला खोली बघतेय. "पण येत जाईन हं काका मधूनमधून." मी म्हणालो, "ये की." मग तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गॅलरीत गेली.

वडील माझ्यासमोर बसले. पेढ्याचा तुकडा हातातच होता. "हिच्यासाठी हापिसात केबिन बनवलीय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "काचेची. एशी लावला. फिरती खुर्ची आनली. बोलतो, घरची पोर समोर बसंल, दोन सबूद बोलंल." मग सावरून उठले. "या की कवातरी हापिसात. च्या घेऊ."

असं बोलावणं कुणी मनावर घेत नाही. मी घेतलं. शनिवारी सुट्टी होती, रिक्षा करून पळस्प्याला गेलो. बाहेर ट्रकची रांग, तिच्या वडिलांच्या दोन्ही कानांना दोन फोन. मला पाहून खरंच आनंदले. "अरे या या काका! बसा, आलोच." मला हाताला धरून त्या केबिनमध्ये नेलं, एसी लावला, खुर्चीवर बसवलं, चहा पाठवला आणि बाहेर ड्रायव्हरशी भांडायला गेले.

खुर्चीचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. काचेतून ते हातवारे करताना दिसत होते, आवाज येत नव्हता. मधे एकदा त्यांनी माझ्याकडे बघून हात केला, मीही केला. चहा चांगला होता. मी बराच वेळ बसलो.