कोपरावरचं ठिगळ

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांशेजारी वडिलांचा युद्धातला कोट पाटावर ठेवतात. यंदा दादाने पाहुण्यांना त्याच्या कोपरावरचं ठिगळ दाखवलं. म्हणाला, "इथून गोळी चाटून गेली." पाहुण्यांनी वाकून कपाळ टेकलं.

गोळी कसली, माझ्या कांद्याच्या हातगाडीचा खिळा होता तो. दादा पुण्यात शिकत होता, तेव्हा तीन हिवाळे मी तो कोट घालून पहाटे बाजारात उभा राहिलो. फाटला त्या दिवशी मार खायच्या तयारीने घरी आलो. वडिलांनी पलटणीत शिकलेल्या टाक्यांनी ठिगळ लावलं आणि कोट माझ्या अंगावर टाकला. "घाल. कपाटात ठेवून कोणाची थंडी जात नाही."

"दादा, तो खिळ्याचा..." मी तोंड उघडलं.

"याला प्रत्येक गोष्टीत घासाघीस लागते," दादा पाहुण्यांकडे बघून हसला.

लागतेच. घासाघीस करूनच दुकान उभं केलं मी. पण ज्या गिऱ्हाइकाला घरात गोळीच हवी आहे, त्याच्या गळ्यात खिळा मारायची कला मला अजून साधलेली नाही.

या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. माझी हातगाडी मात्र कधी कोणी उंबऱ्याच्या आत घेतली नाही.

वहिनीने ठिगळावर हळदकुंकू वाहिलं. मीही हात जोडले. गाडीच्या वाट्याला अखेर पूजा आली, तीही गोळीच्या नावावर.