जोडावरची लाल चिठ्ठी

मी चौथी शिकलेला माणूस. सही आणि ड्यूटीचं रजिस्टर, एवढंच आजवर लिहिलं. हे मोबाईलवर एका बोटाने लिहितोय, रोज दुपारी जेवण झाल्यावर थोडं थोडं. चुका असतील. शुद्धलेखनाच्या चुका बाई बघतील. बाकीच्या माझ्या आहेत, त्या राहू द्या.

नवीन माणूस वाचत असेल तर त्याला आधी सांगतो. कागद मिलमध्ये आमची महाराष्ट्रातून आलेली बरीच घरं होती. जळगाव, रावेर, भुसावळकडची. रिटायर झालो तशी पांगलो. कोणी पुण्याला, कोणी नाशिकला पोरांजवळ. आम्ही दोघं बुऱ्हाणपुरात राहिलो. कॉलनीच्या शाळेत शिकवायच्या त्या बाईही इथेच, शनवारा भागात. त्यांनी कॉलनीच्या लोकांसाठी एक साईट काढली होती. ज्याला जे आठवेल ते त्याने तिथे लिहायचं, बाकीच्यांनी खाली उत्तर द्यायचं. ही, म्हणजे माझी बायको, तिथे लिहायची. नाव टाकायची नाही. 'इच्छापूरची' एवढंच टाकायची, कारण माहेर इच्छापूरचं.

मी तिची टर उडवायचो. खोटं कशाला सांगू. ती चष्मा लावून मोबाईल घेऊन बसली की म्हणायचो, "काय संपादकबाई, चहा मिळेल का आज?" ती मान वर न करता म्हणायची, "मिळेल. एवढी ओळ होऊ द्या." ती ओळ कसली ते मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, कच्च्या केळ्याची भाजी नाहीतर देवीच्या यात्रेचं असेल. बायकांचं लिहिणं.

गेल्या पोळ्यानंतर ती गेली. मोबाईल चालू राहिला. पोरीने त्यात पैसे टाकत राहायला सांगितलं, म्हणाली, "पप्पा, मम्मीचा नंबर बंद नका करू." म्हणून टाकत राहिलो.

मग एक दिवस बाई घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, आपली जुनी साईट ज्यांच्याकडे ठेवली होती ते दुकान बंद करताहेत. महिनाअखेरपर्यंत सगळं नव्या ब्लॉगवर न्यायचं आहे. ज्यांचं त्यांनी आपलं आपण न्यावं. वहिनींचं तुम्हाला न्यावं लागेल. त्यांच्या मोबाईलमध्ये सगळं उघडं आहे, पासवर्डची भानगड नाही."

मी म्हटलं, "मला कुठे येतं ते. पोरीला सांगतो."

"पोरगी खंडव्याला, मोबाईल तुमच्या खिशात. आणि शिकवणारी मी आहे ना. तुमच्यापेक्षा ढ पोरं पास केली आहेत मी."

त्यांनी दोन दुपारी बसून शिकवलं. जुन्या जागी जायचं, बोट दाबून ठेवायचं, सगळं निळं झालं की कॉपी. मग नव्या जागी जायचं, पेस्ट. वर नाव टाकायचं, मग प्रकाशित करा. बाईंनी शाळेसारखी वही केली होती. प्रत्येक घराचं एक पान, पानावर त्या घराच्या लिखाणाची नावं एकाखाली एक. हिची सत्तावीस होती. मी बोट ठेवून परत मोजली. मला वाटलं होतं चार-पाच असतील.

मी रोज दोन न्यायचो. नेता नेता वाचायचो. मला एकदम वाचता येत नाही, अक्षर अक्षर जोडत जातो, त्यामुळे एकेक ओळ दोन-तीनदा वाचून व्हायची. मिलच्या भोंग्यावर एक होतं. भोंग्यावर बायकांचा स्वैपाक कसा चालायचा ते. फोपनारच्या मावशीकडच्या केळीच्या बागेवर एक होतं. एक नुसतं माझ्या घोरण्यावर होतं, नाव न घेता, 'आमच्याकडचे' म्हणून. त्याखाली वीस जणींनी आपापल्या नवऱ्यांचं लिहिलं होतं. मी हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो असेन. वाटलं, बरं झालं बाईंनी हे काम आपल्याला लावलं.

मग विसावं आलं. त्याचं नाव 'एक लिफाफा'.

त्यात काय होतं ते सांगायच्या आधी मी काय केलं होतं ते सांगतो. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पोरगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. ही दहावी पास. अंगणवाडीत बाईची जागा निघाली होती, तिने अर्ज भरला. बाईंच्याच घरी बसून भरला. मला सांगितलं, मी हो नाही काही बोललो नाही. एक दिवस मी दुपारपाळीला निघालो होतो, गेटाजवळ डाकिया भेटला. त्याने माझ्या हातात सरकारी लिफाफा दिला. मी झाडाखाली सायकल लावून वाचला. वाचायला मला वेळ लागला. अमुक दिवशी सर्टिफिकिटं घेऊन मुलाखतीला या, असं होतं.

त्या दिवशी मी काय विचार केला ते चांगलं आठवतं. रिवाइंडरवर, म्हणजे कागदाची रिळं गुंडाळायच्या मशीनवर, माझ्याबरोबर काम करणारे काय म्हणतील, असा विचार केला. 'बायको मास्तरीण, आणि हा चौथी पास.' एवढाच. दुसरा काही विचार नव्हता. पोरगी कोण सांभाळील वगैरे कारणं मी नंतर जमवली.

मिलमध्ये खराब निघालेल्या कागदाला आम्ही ब्रोक म्हणायचो. फाटका, सुरकुतलेला, डाग पडलेला, सगळा ब्रोक एका मोठ्या हौदात जायचा. तिथे पाण्यात घुसळून त्याचा लगदा व्हायचा आणि लगद्याचा परत कागद. मी तो लिफाफा डब्याच्या पिशवीतून आत नेला आणि ब्रोकबरोबर हौदात सोडला. फिरताना दिसला एकदा, मग दिसला नाही.

घरी आलो. तिने विचारलं, "काही डाक आली का हो?"

मी म्हटलं, "कुठली डाक?"

संपलं, असं मला वाटलं. तिने पुन्हा कधी नाव काढलं नाही. मी म्हणायचो, चला, विसरली.

आता तिने काय लिहिलं होतं ते. माझ्याकडे आता ते नाही, म्हणून आठवतं तसं सांगतो.

तिने लिहिलं होतं की पंधरा दिवसांनी डाकियाने तिला रस्त्यात विचारलं, "भाभी, इंटरव्यू कैसा हुआ? चिट्ठी तो मैंने भाईसाब को दी थी." ती म्हणाली, "अच्छा हुआ." घरी येऊन तिने भाकरी थापल्या. पुढे असं होतं की आमच्याकडच्यांना मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागलं असतं, आणि खोटं बोलले की हे जेवत नाहीत. पहिल्यांदा बोलले त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठले होते, मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग लिफाफा कुठे गेला असेल याचं होतं. तिने लिहिलं होतं, हे चुलीत घालणार नाहीत, तिथे मी असते. यांना टाकायला जागा एकच. म्हणजे आमच्या मिलच्या कागदात माझा लिफाफा आहे. तो कागद पेपर छापायला जातो. म्हणून रोज सकाळी पेपर आला की मी आधी हात फिरवून बघते.

ती पेपरावर हात फिरवायची हे मी उभा जन्म पाहिलं. घडी मोडते आहे असं समजायचो.

यानंतर अजून तीन-चार ओळी होत्या. त्या आठवत नाहीत. मी खूप आठवून बघितल्या. पोरीला शाळेत घालण्याचं काहीतरी होतं.

खाली पुष्कळ उत्तरं होती. एकीने लिहिलं होतं, "ताई, एवढी वर्षं गप्प कशी राहिलीस ग?" हिने उत्तर दिलं होतं, "गप्प कुठे, लिहिलं ना." माझ्या रिवाइंडरवरच्या जोडीदाराच्या बायकोनेही लिहिलं होतं. म्हणजे त्यालाही माहीत. त्याच्या पोराच्या लग्नात आम्ही दोघं मांडीला मांडी लावून जेवलो, तेव्हाही माहीत. सगळ्या कॉलनीला माहीत होतं, आणि सगळे मला रामराम करत होते. मी खुर्चीत बसलो होतो तो तसाच बसून राहिलो. कान तापले. सत्तरी उलटल्यावर माणसाचे कान असे तापतात हे मला माहीत नव्हतं.

आता खरी गोष्ट. लाज तिथे संपली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मला पोरीची भीती वाटली. पोरगी म्हणत होती, "पप्पा, नवीन जागेवर आलं की मी मम्मीचं सगळं वाचणार, जुन्यात मला कधी सवड झाली नाही." मी विचार केला, हे तिने वाचलं तर? मग मी तेच केलं जे मला येतं. रिवाइंडरवर माझं काम तेच होतं. रीळ फिरताना खराब तुकडा दिसला की मशीन थांबवायची, तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवायची, मशीन पुढे. मी एकोणिसावं नेलं होतं. विसावं सोडलं, एकविसावं नेलं. सत्तावीसपर्यंत नेऊन टाकलं.

मनात असंही होतं की कुठे जाणार आहे, जुन्या जागी असेलच. मिलमध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस मी. आमच्याकडे टाकलेलं काही वाया जात नाही, फिरून परत येतं. महिना संपला. साईट बंद झाली.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "भाऊ, वही लावून बघितली. वहिनींचं एक कमी येतंय. वीस नंबरचं."

मी म्हटलं, "नव्हतं. तेवढीच होती."

बाईंनी वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. त्यांनी ते वाचलेलं होतं, अर्ज त्यांच्याच टेबलावर भरलेला. मग म्हणाल्या, "बरं. सापडलं तर बघा." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी अर्ध्या भाकरीवर उठलो. ताट बाजूला सरकवलं आणि मग लक्षात आलं. ती असती तर तिने ताटाकडे बघितलं असतं आणि काही बोलली नसती.

चार दिवस काढले. मग मला ते वाचावंसं वाटायला लागलं. माझ्यावर आरोप होता हे खरं, पण ते तिचं बोलणं होतं. 'यांना टाकायला जागा एकच' हे ती जशी बोलायची तसंच होतं, हसू दाबून. मी जुना पत्ता दाबून बघितला. पांढरं पान, इंग्रजीत काहीतरी. रोज दाबायचो. रोज पांढरं. हौदात तरी लगदा दिसतो.

शेवटी शनवाऱ्याला बाईंकडे गेलो. बाई भाजी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "ते मीच नेलं नाही. आहे का तुमच्याकडे?"

"माझ्याकडे नाव आहे फक्त. वहीत." त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. नंतर म्हणाल्या, "वहिनींची जागा लागणार होती, भाऊ. त्या वेळी तपासायला आलेल्या मॅडमने मला विचारलं होतं, तुमच्या दहावी पासवाल्या का नाही आल्या? डाकियाचं वहिनींनी मला तोवर सांगितलं होतं. मी काय सांगितलं असेल? आजारी आहे म्हणाले. खोटं मीही बोलले. दुसऱ्या दिवशी तुमच्या पोरीला वर्गात पाढे विचारताना मला तिच्याकडे बघवेना."

पानं देठापासून तोडत बाई म्हणाल्या, "तुम्हाला आठवतं ते लिहा."

"मी? तिच्या नावावर?"

"तुमच्या. तिच्या नावावर पुरे झालं तुमचं."

एक गोष्ट सांगायची राहिली. रीळ कापून जोडलं की आम्ही जोडावर लाल कागदाची चिठ्ठी लावायचो, रिळाच्या कडेने जरा बाहेर दिसेल अशी. पुढे छापणाऱ्याला कळावं की इथे जोड आहे, मशीन हळू चालव. चिठ्ठी न लावता जोड लपवून रीळ पाठवणारा माणूस आमच्यात सगळ्यात हलका समजला जायचा. तुकडा कापणं ही चूक नाही, तुकडा खराब असतो. इथे तुकडा चांगला होता आणि खराब मी होतो. वर चिठ्ठीही लावली नाही.

परवा खंडव्याला फोन केला. पोरीला सगळं सांगितलं, वाचायच्या आधी. ती ऐकत होती. मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मम्मीने मला शाळेत एक दिवस दांडी मारू दिली नाही. तापातसुद्धा नाही. मला राग यायचा तिचा." आणि म्हणाली, "ठेवते, पप्पा." तिने नेहमीसारखं जेवलात का म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

आज बाई येऊन बसल्या आहेत. त्यांनी शुद्धलेखन केलं, बाकी हात लावला नाही. म्हणाल्या, "भाऊ, याला जुनी तारीख टाकता येते. मग हे बरोबर एकोणीस आणि एकवीसच्या मधे जाऊन बसेल, कोणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "मधेच बसवा. पण तारीख आजची राहू द्या, आणि वर माझं म्हणून लिहा. जोड आहे ते दिसू द्या."