साखर बंद, बाकी सगळं चालू

आमच्या घरात सात वर्षांपूर्वी साखर बंद झाली. म्हणजे ह्यांच्या चहातली दोन चमचे साखर बंद झाली, बाकी सगळं होतं तसंच राहिलं. सातपूरच्या ज्या कारखान्यात हे लेथवर काम करतात, तिथल्या वार्षिक तपासणीत मधुमेह निघाला. त्या दिवशी घरी येऊन ह्यांनी जाहीर केलं, "आजपासून आपण गोड सोडलं." एखाद्यानं दारू सोडावी तसा चेहरा करून. मला तेव्हा चक्क कौतुक वाटलं होतं, आणि त्याचा मला आजही राग येतो.

कारण साखर गेली ती फक्त डब्यातली. पहिल्या पाळीआधी गेटसमोर मिसळ आणि तीन पाव, दुपारी भाताचा डोंगर, घरी परतताना गुळाचा चहा. "गूळ चालतो, नैसर्गिक असतो." हे कुणी सांगितलं? चहावाल्यानं! त्याच्या पाटीवरच लिहिलंय म्हणे. डॉक्टर समोर बसून समजावत होते की भात, पाव, साबुदाणा, बटाटा, ह्या सगळ्याची पोटात गेल्यावर साखरच होते. पाळ्या बदलल्या तरी जेवणाच्या वेळा सांभाळा, रोज अर्धा तास चाला. हे मान डोलवायचे आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, "दिवसभर मशीनपुढं उभाच असतो की मी." उभं राहणं म्हणजे चालणं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चमचाभर साखर सुळावर चढली आणि परातभर भात मोकाट राहिला.

तपासणीची तर वेगळीच तऱ्हा. रक्त द्यायच्या आधी तीन दिवस ज्वारीची भाकरी, मेथी आणि कारल्याचा रस. रिपोर्ट बरा आला की तो कागद फ्रिजवर चिकटवायचा. शाळेतही हे आदल्या दिवशी अभ्यास करूनच पास झालेले. पुढं डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करायला लावली, तेव्हा पितळ उघडं पडलं. तो कागद काही फ्रिजवर लागला नाही.

आणि उपास! सोमवार, चतुर्थी, वर नवरात्राचे नऊ दिवस. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानं केली त्यानं आमचंच ताट पाहिलं असणार. सकाळी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी भगर आणि बटाट्याची भाजी, मधे केळी. त्यात गोळ्या बंद, का तर "उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची?" दोन ताटल्या खिचडी खाऊन उपाशी! भांडायची मीच, पण ती खिचडी करायचं कोण? तीही मीच. दाण्याचं कूट सढळ हातानं, वरून तूप, आणि "उपासाचं आहे, पोटभर घ्या" हेही माझ्याच तोंडचं. उपाशी माणूस मशीनवर पाठवायचा म्हणजे माझा जीव खालीवर व्हायचा.

नवरात्रात हे अनवाणी राहायचे. तीन वर्षं चाललं होतं. गेटपर्यंत अनवाणी, आत सेफ्टी शूज, पाळी सुटली की पुन्हा अनवाणी. गेटबाहेरच्या गल्लीत सगळी लहान वर्कशॉपं, रस्त्यावर लोखंडाचा कीस पडलेला. चपला घाला म्हटलं की, "देवाच्या कामात बोलू नको."

मागच्या नवरात्रात, सातव्या माळेला, मी फरशी पुसत होते. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत लाल ठिपके दिसले. ह्यांनी कुंकू सांडलं असं समजून मी पुसता पुसता तोंडाचा पट्टा सुरू केला. मग फडक्याकडे लक्ष गेलं. ते कुंकू नव्हतं. हे टीव्हीपुढं बसले होते. पाय उचलून पाहिला, तर अंगठ्याशेजारच्या बोटाखाली लोखंडाचा कुरळा तुकडा रुतलेला, भोवती पू.

"अहो, हे कधीपासून?"

"काय कधीपासून? दुखत तर नाय काहीच."

दुखत नाही, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, न दुखणं हाच तर रोग. वर्षानुवर्षं रक्तात साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होतात, खिळा घुसला तरी कळत नाही आणि झालेली जखम भरत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बोट काढलं.

दवाखान्यात मी त्यांना नको नको ते बोलले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं ना, तवा बोललो होतो देवीला. हिला सुखरूप घरी आण, पाच नवरात्रं अनवाणी राहीन." तीन वर्षांत मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त संताप आला. माझ्यासाठीच करायचं होतं तर भात कमी करायचा होता! गोळी घ्यायची होती! देवीनं मागितलं होतं का तुमचं बोट?

दोन दिवसांनी सिन्नरहून नणंद भेटायला आली, राजगिऱ्याचे लाडू घेऊन. "दादा, घे, गुळाचे हायेत. एकानं काय व्हतंय?" आणि ह्यांचा हात पुढं झाला! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डबा तिच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "एकानं काय होतं ते चादर वर करून बघा, वन्सं." ती रागावून गेली. अजून फोन उचलत नाही. नको उचलू दे.

आता ताटात भाकरी, भाजी, उसळ आणि वाटीभरच भात असतो. उरलेल्या दोन वर्षांचा नवस मी बदलून घेतलाय. अनवाणी राहायचं नाही, बूट घालून माझ्याबरोबर रोज चालायचं. देवीशी माझी तशी बोलणी झाली आहेत.

चालून आलो की मी त्यांचे पाय धुऊन कोरडे करते. मग डॉक्टरांनी शिकवलेली तपासणी. ह्यांनी डोळे मिटायचे, मी एकेका बोटाला हलकासा हात लावायचा, ह्यांनी कुठलं बोट ते सांगायचं.

काल डोळे मिटले आणि लगेच म्हणाले, "करंगळी." थोड्या वेळानं, "आता अंगठा." फ्रिजवरचा कागद दाखवताना असायचा तसाच ठाम आवाज.

मी अजून हात लावलाच नव्हता. टॉवेलची घडी घालत होते.